शेहेचाळीसाव्या वर्षी इतिहासात एम.ए., तेही वसतिगृहात राहून

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात बावीस वर्षं तलाठी म्हणून काम केलं आणि आता स्वेच्छानिवृत्ती घेतली. 2000 साली बी.कॉम. झालेलं, मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला, आणि नागपूरला विद्यापीठाच्या इतिहास विभागात एम.ए. करायचं मनात आहे. घरचे म्हणतात, जायचंच तर गाडीनं जा-ये कर, या वयात होस्टेल कशाला? आणि तुमचे दोन प्रश्न आहेत: पोरींच्या वसतिगृहात मी शोभेन का, आणि सनावळ्या आता लक्षात राहतील का?

मी नागपुरात सव्वीस वर्षं इतिहास शिकवला. त्यातली नऊ वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. चाळिशी ओलांडून शिकायला आलेल्या दहा-बारा जणी मी जवळून पाहिल्या, त्यामुळे हे उत्तर थोडं लांबेल.

तुमच्या दोन प्रश्नांच्या मागे एक तिसरा प्रश्न मला दिसतो आणि तोच खरा आहे. हे शिक्षण तुमचं मुख्य काम असणार, की घरचं सगळं आवरून उरलेल्या वेळात करायची हौस? घरचे 'जा-ये कर' म्हणतात तेव्हा त्यात काळजी असते हे खरं. पण त्याचबरोबर सकाळचा डबा, संध्याकाळची पोळी-भाजी आणि सासूबाईंची औषधं तुमच्याकडेच राहतील, हेही त्यात गृहीत धरलेलं असतं. ते तुम्हाला मान्य असेल तर तसं ठरवा, त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र ते ठरवून घ्या, आपोआप होऊ देऊ नका.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. वसतिगृहातल्या जागा गुणवत्ता, आरक्षण आणि घराचं अंतर बघून देतात. नियम दर वर्षी नव्यानं निघतात आणि काही ठिकाणी वयाची अटही असते. म्हणून कोणाच्या ऐकीव माहितीवर न जाता प्रवेशाच्या आधी स्वतः जाऊन रेक्टरना भेटा. जागा मिळाली नाही तर रविनगर, रामनगर किंवा भरतनगरच्या बाजूला खोली बघा, म्हणजे अमरावती रोडवरच्या विभागात चालत पोचता येईल. घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असेल आणि तुमच्याशिवाय बघायला कोणी नसेल, तर मी राहण्याचा आग्रह धरणार नाही. इग्नू आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ त्यासाठीच आहेत आणि त्यांच्या पदव्या चालतात. बाकी कुठलंही कारण असेल तर माझं मत स्पष्ट आहे: निदान पहिली दोन सेमिस्टर नागपूरला राहून करा.

कारण सांगते. माझी एक विद्यार्थिनी एकेचाळीस वर्षांची होती, रोज वर्ध्याहून यायची. तासाला कधी उशीर नाही, टिपणं सुंदर. पण साडेतीन वाजले की तिची नजर घड्याळाकडे जायची. आमच्या विभागात खरी चर्चा सुरू व्हायची ती त्याच सुमाराला. कोणीतरी एखादं पत्र वाचलेलं असायचं, दुसऱ्याला त्याचा अर्थ पटलेला नसायचा आणि चहा गार होईपर्यंत वाद चालायचा. ती चांगल्या गुणांनी पास झाली. निरोपाच्या दिवशी मला म्हणाली, "मॅडम, पेपर तं सुटले. पण तुम्ही लोकं एवढं भांडता काहून, ते काही समजलंच नाही." ते वाक्य मला फार लागलं. इतिहासात शिकण्यासारखं जे असतं ते त्या भांडणातच असतं, आणि ते वेळापत्रकात कुठे लिहिलेलं नसतं. तुमसरहून यायचं तर गाडी, मग बर्डी (सीताबर्डी), मग अमरावती रोड, आणि संध्याकाळी हाच प्रवास उलटा. तास तर जातातच, पण त्याहून जास्त जातं ते हे साडेतीननंतरचं.

आता सनावळ्या. एक उदाहरण देते, म्हणजे आमच्याकडे काय शिकवतात याची कल्पना येईल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीत काळी आणि पिवळी मारबत निघते. तुम्ही पाहिली असेलच. 'घेऊन जा गे मारबत' म्हणत लोक इडा-पिडा तिच्याबरोबर गावाबाहेर धाडतात. काळी मारबत म्हणजे भोसले घराण्यातली बाकाबाई, ती इंग्रजांना मिळाली म्हणून तिचा पुतळा जाळतात, असं गर्दीतला कोणीही सांगेल. मी दर वर्षी एम.ए.च्या नव्या मुलांना तिथे घेऊन जात असे आणि परत आल्यावर विचारत असे, हे आपल्याला कसं कळलं?

मग कागद काढायचे. बाकाबाई नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांची राणी. 1817 च्या नोव्हेंबरात इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली, पुढे आप्पासाहेब भोसल्यांची गादी गेली आणि तिसरे रघूजी लहान असताना कारभारावर बाकाबाईंचं नाव आलं, तेही इंग्रज रेसिडेंटच्या, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीच्या, देखरेखीखाली. 11 डिसेंबर 1853 ला तिसरे रघूजी वारले, मागे मुलगा नव्हता. डलहौसीनं 1854 मध्ये राज्य खालसा केलं, राजवाड्यातले हत्ती, घोडे, दागिने लिलावात निघाले. तेव्हा राण्यांच्या बाजूनं दाद मागण्यात हीच वयोवृद्ध बाकाबाई पुढे होती. आणि तीन वर्षांनी, 1857 मध्ये, घराण्याला उठावापासून लांब ठेवण्यातही तिचंच नाव येतं. आता सांगा, ती इंग्रजांची माणूस होती का? राज्य वाचवायला धडपडणारी होती का? सगळं गेल्यावर उरलेली माणसं जगवायची म्हणून गप्प बसलेली म्हातारी होती का? आणि मारबतीला तिचं नाव कधी चिकटलं, कोणी चिकटवलं, तेव्हा गावात काय चाललं होतं?

या प्रश्नांवर एक मुलगी आणि एक मुलगा माझ्या वर्गात आठवडाभर भांडले होते. दोघांनाही 1853 आणि 1854 आपोआप पाठ झाले, कारण त्या दोन तारखांच्या मधल्या काही महिन्यांतच सगळा वाद होता. सनावळी अशी लक्षात राहते. एकटी पाठ करायला गेलात तर विसाव्या वर्षीही राहत नाही.

यात तुमची बाजू किती भक्कम आहे, याची तुम्हाला कल्पना नसावी. बावीस वर्षं तुम्ही कागद तयार केलेत. एम.ए.ला येणाऱ्या मुलांना दप्तरातला कागद म्हणजे सत्य वाटतं, आणि कागदाच्या मागे एक माणूस बसलेला असतो हे पटवायला मला एक सेमिस्टर लागायचं. तुम्हाला ते सांगावं लागणार नाही. फेरफार कोणाच्या सांगण्यावरून नोंदवला जातो आणि हरकत घ्यायला पंधरा दिवसांत कोण येतं, कोण येऊ शकत नाही, हे तुम्ही पाहिलंय. बांधावर जाऊन लिहिलेला पीकपेरा आणि चावडीत बसून भरलेला पीकपेरा सातबाऱ्यावर सारखाच दिसतो, हेही तुम्हाला ठाऊक आहे. हक्कसोडपत्रावर बहिणीचा अंगठा असतो तेव्हा कागद म्हणतो 'राजीखुशीनं'. तो अंगठा उठवताना ती बहीण कुठे बघत होती हे तुमच्या डोळ्यांसमोर असेल. शंभर वर्षांपूर्वीच्या दप्तरातही असेच अंगठे आहेत. त्यांच्याकडे बघायची नजर तुमच्याकडे तयार आहे.

माझी खात्री आहे की तुमच्या संशोधन प्रकल्पाचा विषयही तुमच्या तालुक्यातच पडलेला आहे. भंडारा-गोंदियातले मामा तलाव घ्या. माजी मालगुजारी म्हणून 'मामा', हे तुम्हाला माहीत आहे. नागपूर प्रांतात इंग्रजांनी 1860 च्या दशकातल्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्तात मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्यांना, मालकी दिली, 1950 च्या कायद्यानं ती मालकी संपली आणि तलाव सरकारकडे आले. पण पाण्याची पाळी, गाळ काढणं, मासे, काठावरची झाडं याबद्दल गावात जे ठरलेलं होतं त्याचं काय झालं? वाजिब-उल-अर्ज (गावातल्या रूढींची नोंद) आणि निस्तारपत्रक (चराई, लाकूड, पाणी अशा गावकऱ्यांच्या हक्कांची नोंद) वाचता येणारा विद्यार्थी मला सव्वीस वर्षांत क्वचित भेटला. तुम्ही ती पत्रकं हाताळली आहेत. मँगनीजच्या खाणींकडे ओढा असेल तर चिखला, डोंगरी बुजुर्ग तुमच्या दाराशी आहेत. तिथे काम केलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी अजून कोणी नीट लिहून घेतलेल्या मला माहीत नाहीत.

अनुभवाचा एक धोकाही आहे आणि तो तुमच्या वयाच्या जवळजवळ प्रत्येकीत मी पाहिला. 'मी स्वतः पाहिलंय' हे वाक्य. वर्गात पहिल्या महिन्यात ते फार येतं. तुम्ही 2010 साली एका गावात पाहिलेली गोष्ट 1910 सालच्या गावाला लागू होईलच असं नाही. अनुभवातून प्रश्न विचारा, उत्तर मात्र कागदातून किंवा मुलाखतीतून काढा. तेवीस वर्षांची मुलगी तुम्हाला सांगेल, 'ताई, याला पुरावा काय?' तेव्हा राग येईल. येऊ द्या, आणि पुरावा शोधायला जा. तुमचे काही प्राध्यापकही तुमच्याहून लहान असतील. त्यांना पहिल्या दिवसापासून 'सर', 'मॅडम' म्हणालात की पुढचं सोपं होतं.

आता वसतिगृहाकडे येते. 'शोभेन का' हा प्रश्न पहिल्या पंधरा दिवसांत आपोआप मिटतो, कारण मुलींना स्वतःचेच इतके प्रश्न असतात की त्या तुमच्याकडे फार बघत नाहीत. अडचण पुढे येते, आणि ती प्रेमातून येते. माझ्या वसतिगृहात एक बाई आल्या होत्या, वय त्रेचाळीस, फार मायाळू. कोणाला ताप आला की यांच्या खोलीतून गोळी. कोणाचं घरी भांडण झालं की रात्री बारापर्यंत यांच्या पलंगावर रडारड. केसांना तेल, पोटदुखीला ओवा, परीक्षेच्या सकाळी दहीसाखर. दिवाळीपर्यंत मजल्यावरच्या अठरा मुलींचा सगळा हिशेब त्यांना तोंडपाठ झाला होता आणि स्वतःचा एकही स्वाध्याय लिहून झाला नव्हता. मी त्यांना खोलीत बोलावून घेतलं तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "घरून सुटून आले आणि इथे दुसरं घर मांडून बसले." दुसऱ्या सेमिस्टरला त्यांनी दारावर एक कागद लावला: 'संध्याकाळी सात ते दहा अभ्यास.' मुलींनी तो पाळला. कोणीही रुसलं नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी दोन गोष्टी करा. 'मला ताई म्हणा' असं स्वतःहून सांगा. वसतिगृहात मावशी म्हणजे मेसमधल्या मावशी, आणि काकू म्हटलं की तुम्ही लगेच कोणाची तरी जबाबदारी होऊन बसता. आणि तो दारावरचा कागद लावा.

गेटची वेळ तुम्हालाही लागू असेल. सेहेचाळीसाव्या वर्षी हजेरीच्या वहीत सही करायची, हे सुरुवातीला खुपतं. सवलत मागायची असेल तर लेखी अर्ज करून, कारण देऊन मागा. वॉचमनशी ओळख काढून नको, मुली ते लगेच टिपतात. खोली तळमजल्याची मागा, गुडघ्यांसाठी आणि एप्रिलसाठीही, कारण नागपुरात वरच्या मजल्याचं छत रात्री अकरालाही तापलेलं असतं आणि कूलर नुसती गरम हवा फिरवतो. सोबतीण पीएच.डी.ची किंवा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मिळाली तर उत्तम. मध्यरात्री वाढदिवसाचे केक कापले जातील. पहिले दोन-तीन सहन करा, एखाद्याला जा, मग कानात कापूस घालून झोपा. मेसचं जेवण महिन्याभरात नकोसं होईल. त्यावर माझ्याकडे उपाय नाही, मी स्वतः तिथे नऊ वर्षं जेवले आहे.

अभ्यासाची तयारी आजपासून करता येईल अशा तीनच गोष्टी सांगते.

पहिली, हात. बावीस वर्षांत तुमचं बरंचसं काम संगणकावर गेलं. तीन तासांचा पेपर लिहिताना दुसऱ्या तासाला बोटं आखडतात आणि आठवत असलेलंही कागदावर उतरत नाही. रोज चाळीस मिनिटं पेनानं लिहा, काहीही लिहा.

दुसरी, इंग्रजी. उत्तरं मराठीत लिहिता येतात, पण बंदोबस्ताचे अहवाल, गॅझेटिअर, रेसिडेंटचा पत्रव्यवहार इंग्रजीत आहे. शब्दकोश घेऊन रोज दोन पानं. सुरुवातीला दोन पानांना दोन तास लागतील. भंडारा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरपासून सुरू करा, गावांची नावं ओळखीची असली की वाक्यं उलगडायला मदत होते.

तिसरी, मोडी. भोसलेकालीन कागद वाचायचे तर मोडीला पर्याय नाही. पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग अधूनमधून निघतात, तिकडे लक्ष ठेवा. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना मोडी लवकर येते असा माझा अनुभव आहे, कारण त्यांनी लहानपणी आजोबांची घसरती अक्षरं वाचलेली असतात.

अभ्यासक्रम नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आहे: चार सेमिस्टर, त्यात संशोधन पद्धती, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणि दुसऱ्या वर्षी प्रकल्प. नागपूरला राहिलात तर या प्रशिक्षणासाठी अजब बंगला (मध्यवर्ती संग्रहालय) आहे, पुराभिलेखागार आहे, मनसर-रामटेकचे वाकाटककालीन अवशेष एका दिवसात बघून येता येतात. जुनापाणीची शिळावर्तुळं तर काटोल रोडला शहराच्या कडेलाच आहेत.

नोकरीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण घरी कोणीतरी विचारेलच. संशोधनासाठी मिळणाऱ्या जेआरएफ शिष्यवृत्तीची वयोमर्यादा 30 आहे, महिलांना पाच वर्षांची सूट धरली तरी ती तुमच्यासाठी संपली. एमपीएससीचंही तेच. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी नेट परीक्षा देताना वरची वयोमर्यादा नाही, आणि पीएच.डी.चा रस्ता मोकळा आहे. पण पगारासाठी हे करू नका. पेन्शनमध्ये तुमचं आणि मुलाच्या शेवटच्या वर्षांचं भागतं का, हा हिशेब आधी वहीत मांडा. भागत नसेल तर एक वर्ष थांबा. विषय कुठे पळून जात नाही.

कागदपत्रांचं तुम्हाला मी काय सांगणार. तरी, पदवीनंतरच्या इतक्या वर्षांच्या खंडाचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत लागेल. गुणपत्रिकेवर नुसतं 'नागपूर विद्यापीठ' दिसलं तर घाबरू नका, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव 2005 मध्ये लागलं.

एक शेवटचा मुद्दा राहिला, महालक्ष्म्यांचा. भाद्रपदात तुमच्याकडे महालक्ष्म्या बसत असतील, तर साधारण त्याच दिवसांत अंतर्गत चाचण्या लागतात. दर वर्षी माझ्याकडे एखादी विद्यार्थिनी रडत यायची, 'मॅडम, सोळा भाज्यांचा स्वयंपाक आहे, मी नाही गेले तर चालणार नाही.' हे भांडण सप्टेंबरात करू नका. जुलैत, प्रवेशाच्या आधी, सगळ्यांना समोर बसवून सांगा की यंदा स्वयंपाक जाऊबाई आणि मुलगा मिळून करतील, मी जेवणाच्या दिवशी सकाळच्या गाडीनं येईन आणि दुसऱ्या दिवशी परत जाईन. तुमचे यजमान शिक्षक आहेत असं तुम्ही लिहिलंय, परीक्षा म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. पहिले दोन महिने दर आठवड्याला घरीही जाऊ नका, पंधरा दिवसांनी जा. नाहीतर तिथलं निम्मं आणि इथलं निम्मं, असं होऊन बसतं.

रेक्टरना भेटायला जाल त्या दिवशी इतिहास विभागातही जाऊन या. जाताना तुमच्या एखाद्या गावाच्या निस्तारपत्रकाची प्रत पिशवीत ठेवा आणि जे कोणी प्राध्यापक भेटतील त्यांच्या टेबलावर ती उघडा. त्यांनी चष्मा लावून ती जवळ ओढली, की तुम्ही तिथेच खुर्ची घेऊन बसा.